जुनं हौजिंग

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीत,
जिथं फौंड्रीची काळी वाळू वाऱ्यासंगट शेडात येते,
बेनेडिक्टची फोर्ड चार घोड्यांवर चढवली.
सदतीस सालची. टप कापून बुटका केलेला,
बॉनेट काढलेलं, इंजिन उघडं, भट्टीच्या तोंडागत.
त्याच्या बापानं कॅम्पातल्या एका मेजरकडनं घेतली
तेव्हा ती सभ्य होती म्हणे.

"मागचं सगळं काढ," म्हणाला.
"डॉक्टर सांगतो, एक तर गाडी ठेव, नाहीतर मणका."

गाडीचा मणका म्हणजे हे हौजिंग.
या चाकापासनं त्या चाकापर्यंत एकच लोखंड.
डावं खड्ड्यात गेलं की उजव्याच्या पोटात दुखायचं.
ऐंशी वर्षं दोघांनी एकमेकांचे खड्डे खाल्ले,
पाट्यांची पानं झिजून ताटलीएवढी पातळ झाली.

नवं मागचं वंटमुरी घाटाखालनं आणलं.
लाल स्पोर्ट्स कार, बेंगळूरचा नंबर, पुढनं चेपलेली.
चालवणारा पोरगा वाचला, म्हणून मी हात लावला.
मागं ओरखडासुद्धा नव्हता.
मधी डिफ्रंशल, दोन्हीकडं आखूड शाफ्ट,
ज्याच्या त्याच्या चाकाला ज्याचा त्याचा शॉकप.
इराण्णानं वाकून बघितलं. म्हणाला, "बेरे बेरे."
मी म्हटलं, व्हय, वेगळं वेगळं.
एवढ्यावर काम ठरलं.

अडीच इंच रुंद निघालं बेणं.
चाकं मडगार्डाबाहेर, थोरल्या भावाचा कोट घातल्यागत.
मग शाफ्ट कापा, परत दाते पाडा.
फरशीवर खडूनं मधली रेघ मारली,
ओळंबा सोडला,
आणि नळीतलं पाणी दोन्ही टोकांना सारखं येईतोवर
कुणी खोकलंसुद्धा नाही.

चॅसीला कटर लावायच्या आधी
दस्तगीरनं गॉगल कपाळावर घेतला. "काटूं?"
बेनेडिक्ट बाहेर जाऊन उभा राहिला, पाठ करून,
ऑपरेशनच्या दाराशी माणसं थांबतात तसा.
ठिणग्या त्याच्या सावलीपर्यंत गेल्या.

पहिल्या खेपेला चुकलंच.
पिनियनचं तोंड तीन अंश वर बघत होतं,
साठाच्या वर गाडीला हुडहुडी भरायची.
परत खाली, परत टाके, परत ओळंबा.
आठवड्याचं काम पंधरवड्यावर गेलं,
खरं शिव्या कुणी दिल्या नाहीत, मी सोडून.

मग एका सकाळी खानापूर रोडला काढली.
पिरनवाडी मागं टाकली तर पहिला खड्डा.
डावं चाक उतरलं, चढलं.
उजव्याला पत्ताच नाही.
सीटवरचा थर्मास होता तिथंच.
मी खूश. बेनेडिक्ट गप्प.
मच्छे आलं, गेलं.
देसूरजवळ म्हणाला,
"बाप डोळे झाकून सांगायचा गा.
दोन झोके म्हणजे मच्छे, तिसरा मोठा म्हणजे देसूर.
ढुंगणाला गावं पाठ होती आमच्या.
आता पाटी वाचावी लागणार."
आणि पाटीवरची अक्षरं तो अजून जुळवून वाचतो.

पैसे मात्र त्यानं सगळे दिले, वर दस्तगीरला घड्याळ.
कंबरेचं मी विचारलं नाही.

जुनं हौजिंग शेडामागं पडून होतं.
भंगारवाल्यानं किलोचा भाव सांगितला, मी उठवून लावलं त्याला.
मग हुक्केरीकडचा रामगोंडा आला,
बोटानं टिचकी मारून आवाज ऐकला, कान लावून,
कलिंगड घेतात तसा, आणि घेऊन गेला.

गळीत सुरू झाल्यावर संकेश्वरच्या वाटेवर दिसलं.
उसाच्या टायरगाडीखाली,
वर दीड टन ऊस, पुढं दोन खिल्लारी.
एक चाक खड्ड्यात गेलं,
दुसरं सगळा भार घेऊन कलंडलं, थरथरलं,
आणि मग दोन्ही, कुरकुरत, एकदमच वर आली.

मला घाई होती. वाट मोकळी होती.
खरं हॉर्न दिला नाही.
कारखान्याच्या गेटापर्यंत मागनंच गेलो.